दवाखाना फुकट, पण खाटेवरच्या माणसाचं काय?

नमस्कार मंडळी. यवतमाळकडच्या एखाद्या गावात बुढ्याला लकवा मारला, तर आज निदान दवाखान्याची तरी सोय आहे. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. ऑक्टोबर 2024 पासून तर सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता. पण सुट्टी झाली की पंधरा दिवसांची औषधं, अन् मग तुम्ही आणि तुमची खाट.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा पडतात. पेज भरवायची तीही बसवून, कारण ठसका लागला तर भलतंच होऊन बसतं. जुनी लुगडी फाडून रोज लंगोट धुवायचे. हे सगळं सून करते. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते. बाकीच्या बाया किलोवर पैसे घेऊन येतात, हिचा रोज बुडतो. तो कोणत्याच बिलात दिसत नाही.

जर्मनीनं 1995 मध्ये आणि जपाननं 2000 मध्ये अशा खाटेवरच्या माणसाच्या सांभाळासाठीच सरकारी विमा आणला. सक्तीचा, बरं का. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता सुरू होतो. अमेरिकेनं 2010 मध्ये ऐच्छिक विम्याचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी हात टेकले. ज्याला गरज दिसते तोच नाव नोंदवणार, मग हप्ता वाढणार, आणि धडधाकट माणूस तिकडे फिरकणारच नाही. पुढे तिथल्याच वॉशिंग्टन राज्यानं याच विम्यासाठी पगारातून 0.58 टक्के कापायला सुरुवात केली. तो ऐच्छिक करायचा प्रस्ताव 2024 मध्ये मतदारांनीच पाडला.

आता कोणी म्हणेल, हे पोरांचं काम, सरकारनं कशाला पडायचं? 2007 चा कायदा पोरांवर जबाबदारी टाकतोच की. पण पोरगा पुण्याला कंपनीत. कायद्यानं त्याच्याकडून पैसे मागता येतील, कूस कोण बदलणार?

खरी गंमत पुढे आहे. जर्मनी सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी रोख पैसे देते. जपाननं ते टाळलं. रोख दिली तर सून कायमची खाटेला बांधली जाईल, असं तिथल्या बायांच्या संघटनांचं म्हणणं होतं. मला जपानचं पटतं. पैसा आला तर तो सासऱ्याच्या खात्यात नाहीतर नवऱ्याच्या खिशात जाईल. घरी येऊन हात लावणारं माणूस पाहिजे.

असा विमा आपल्याकडे आणायचा, तर हप्ता कुठून आणायचा? कापूसवाल्याला पगारच नाही, कापणार कशातून? पण महाराष्ट्रानं 1975 मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीसाठीच. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुराला काम. आजही तो वर्षाला जास्तीत जास्त 2500 रुपये कापला जातो. तसाच मार्ग इथे का नको?

फक्त एक धास्ती आहे. घरी जाऊन सांभाळायचं हे काम वेगळा पगार न देता आशाताईंच्या गळ्यात मारलं, तर माझा साफ विरोध. लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं, सगळं आधीच त्यांच्याच अंगावर आहे.