जमिनीत अडकलेले स्फुरद

श्रोतेहो, नमस्कार. आडसाली उसाच्या लागणीला सरीत डीएपी किंवा सिंगल सुपर फॉस्फेट ही खते टाकली जातात, पण त्यांतील स्फुरदापैकी (फॉस्फरसपैकी) साधारण पाचवा हिस्साच त्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतो. उरलेले स्फुरद नत्रासारखे हवेत उडून जात नाही आणि पाण्याबरोबर सहसा खोलवर झिरपतही नाही, तर ते त्याच शेतात, मातीने धरून ठेवलेल्या अवस्थेत राहते. माती ते कशी धरते आणि कधी सोडते, याविषयी आज बोलायचे आहे.

त्यासाठी सातारा-सांगली परिसराइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगराळ भागात लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने काळ्या बेसाल्ट खडकातील चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. जांभा दगड आणि तांबडी माती त्यातूनच तयार झाली. या आम्लधर्मी मातीत विद्राव्य फॉस्फेट, म्हणजे खतातले स्फुरद, पडले की ते लोहाच्या कणांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांना (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना) बाजूला सारून त्यांच्या जागी स्वतः घट्ट जोडले जाते. पहिली जोडणी काही तासांत होते, पुढे महिनोन्‌महिने ते कणाच्या आत शिरत राहते आणि जितके आत जाईल तितके मुळांना दुर्मीळ होते.

कृष्णाकाठच्या कऱ्हाड, वाळवा, मिरज पट्ट्यातील काळ्या जमिनीत कारण वेगळे आहे. तिथे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) बहुधा आठच्या आसपास असतो आणि अनेक शेतांत चुनखडीचे खडे दिसतात. येथे फॉस्फेटला कॅल्शियम गाठते, आणि प्रथम तयार झालेले संयुग हळूहळू अधिकाधिक अविद्राव्य होत जाते. दोन्ही टोके टाळून सामू सहा ते सातच्या दरम्यान असेल, तेव्हा स्फुरद सर्वाधिक मोकळे असते.

तरीही ही पकड कायमची नसते. मातीतल्या पाण्यात विरघळलेले स्फुरद अत्यल्प असते. मूळ ते शोषून घेते तसे कणांवरचे थोडे सुटून त्याची जागा घेते. मात्र ते मुळापर्यंत जेमतेम काही मिलिमीटरच सरकते. म्हणून खत वरून विस्कटून टाकणे मला सरळ नुकसानीचे वाटते. ते बियाण्याच्या किंवा कांडीच्या जवळ, मातीआड पट्ट्यात दिले, तर कमी मातीशी संबंध येतो आणि अधिक काळ मोकळे राहते.

भातखाचरात तर निसर्गच कुलूप उघडतो. चिखलणीनंतर पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचे क्षपण होते, म्हणजे ते विरघळणाऱ्या रूपात बदलते, आणि त्याला चिकटलेले स्फुरद सुटते. खाचर वाळल्यावर लोह पुन्हा पूर्वस्थितीत येते व स्फुरद धरते, त्यामुळे भातामागून घेतलेल्या रब्बी पिकाला त्याची उणीव भासू शकते.

काही पिके हे काम मुळांनीच करतात. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडतात आणि ते लोहाला बांधून स्फुरद मोकळे करते, हे हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेतील संशोधनातून १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आपण जाणतो. त्याची मुळेही आम्ले सोडतात आणि चुनखडीच्या जमिनीत ती उपयोगी पडतात. कुजणारे पाचट आणि शेणखतही हेच करतात, शिवाय त्यांतले सेंद्रिय स्फुरद जिवाणू हळूहळू मोकळे करतात. पाचट जाळले की ही कुजण्याची सारी प्रक्रियाच थांबते, म्हणून जाळणे सोडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्फुरद विरघळविणारे जिवाणू खतही मदत करते, परंतु ज्या मातीत स्फुरदाचा साठाच नाही, तिथे ते तो निर्माण करू शकत नाही.

उलट, वर्षानुवर्षे भरपूर डीएपी दिलेल्या उसाच्या शेतात साठा मोठा असू शकतो, आणि अतिरिक्त स्फुरदामुळे पिकाला जस्त मिळण्यात अडथळा येतो. म्हणून माती परीक्षण खत देण्यापूर्वी करावे. पिकाला मिळू शकणारे स्फुरद मोजण्यासाठी काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ऑलसेन पद्धत योग्य, तर तांबड्या आम्लधर्मी मातीसाठी ब्रे पद्धत. नमुना देतानाच कोणती पद्धत वापरणार हे प्रयोगशाळेत विचारून घ्यावे. पीक निघाल्यावर, खत पडण्याआधी, शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणची पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र मिसळावी आणि जिथे पूर्वी खताचा पट्टा पडला होता, नेमकी ती जागा टाळावी.