डोळे यायच्या आधी

(पडद्यावर : महालातली चितार ओळी. ओळीनं मांडलेले, अजून न रंगवलेले गणपती.)

उद्या पोळा. त्यानंतर चारच दिवसांनी गणपती. नागपूरच्या चितार ओळीत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती पार रस्त्यापर्यंत आलेल्या, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सायकली, आणि पावसाचा नेम नाही म्हणून वर ताणलेली ताडपत्री.

पालथ्या बादलीवर वही घेऊन बसलेल्या या ताई लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. सध्या त्या गोष्ट शोधताहेत, पाच-सहा वर्षांच्या वाचकासाठी. वही अर्धी भरलीय, गोष्ट अजून सापडलेली नाही.

आधी अंगाचा रंग, मग पितांबर, मग दागिने. डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांची आखणी करणारा हात या कारखान्यात एकच आहे. तो येईपर्यंत अख्खी रांग थांबलेली. उंदीर मात्र शिकाऊ पोरांच्या वाट्याला येतात. बिघडला तर उंदीरच बिघडतो.

(पडद्यावर : शेजारचा मुलगा मूर्तीपुढे उभा.)

"ताई, याले तं डोयेच नाही. मंग याले दिसते कसं?"

हे वाक्य ताईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं. आता वहीचं हे पान बघा. रांगेत बारा गणपती, एकालाही डोळे नाहीत. खाली एक उंदीर, आणि त्याला चुकून आधीच डोळे मिळालेत. म्हणजे गल्लीत काय चाललंय ते साऱ्यांना सांगायचं काम आलं उंदराकडे. तो सांगतो, "वाघ आला, वाघ!" चित्रात दिसते पिवळी मांजर. तो सांगतो, "डोंगर चालत येतोय!" चित्रात हातगाडीवर कापसाच्या गाद्या.

चित्रगोष्टीचा सगळा खेळ इथेच आहे. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं, आणि वाचता न येणाऱ्या मुलाला वाचून दाखवणाऱ्या आजोबांपेक्षा जास्त कळतं. चित्रात मांजर आणि खाली "ही मांजर आहे" असं छापायचं असेल तर तो तक्ता झाला, भिंतीवर लावावा.

मुलांसाठी लिहायचं म्हटलं की आपण आधी बोध ठरवतो, मग त्याला ससा-कासव जोडतो. चित्रंही उसनी, बर्फातलं घर आणि धुराड्यातून निघणारा धूर. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढणाऱ्या पोरांपुढे आपण हे ठेवतो!

(पडद्यावर : तान्हा पोळा. लाकडी नंदी, झुली, चाकं.)

पोळ्याचा दुसरा दिवस मुलांचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तान्हा पोळा सुरू केला, असं नागपुरात सांगतात. खरे बैल काल सजले, आज लाकडी. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात, "हर बोला हर हर महादेव"चा गजर होतो आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघते ही पलटण. त्या निळ्या झुलीच्या नंदीचं एक चाक गळालंय, तरी तो आलाय. ताई त्याच्याच मागे चालताहेत.

त्यांनी वहीत लिहिलंय : बैल गाडी ओढतो. या बैलाला पोरगं ओढतं. मग याचं काम काय?

ही दुसरी गोष्ट. कामाच्या शोधात निघालेला लाकडी बैल. हा चौकटीत मोठा दिसावा म्हणून ताई रस्त्यावर उकिडव्या बसून चित्र काढतात. मुलांची नजर तिथेच असते, मोठ्यांच्या कमरेखाली.

(पडद्यावर : मारबत. ढोल, गर्दी, वर पिवळी मारबत.)

याच दिवशी मारबती निघतात, इडा पीडा गावाबाहेर नेणारे मोठाले पुतळे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं म्हणतात. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" सोबत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाही न सोडणारे. बापाच्या खांद्यावरच्या या मुलीकडे बघा. सगळे मारबतीकडे बघताहेत, ती फुगेवाल्याकडे. ताईंनी मारबत सोडून तिला काढलं.

(पडद्यावर : टेबल, कात्री, घड्या घातलेले कागद.)

आता निवड. अशी पुस्तकं बहुधा ३२ पानांची, कारण छपाईचा मोठा कागद घड्या पडून आठाच्या, सोळाच्या पटीतच पानं देतो. नाव आणि माहितीची पानं वजा जाता गोष्टीला चौदा-पंधरा जोडपानं उरतात. ताई साध्या कागदाची डमी करतात आणि प्रत्येक पान उलटण्याआधी थांबतात. "वाघ आला" हे उजव्या पानाच्या शेवटी, मांजर पान उलटल्यावर. आधीच दिसली तर गंमत गेली. बारा गणपतींचे सात झाले, कारण जोडपानाच्या मधल्या घडीत दोघांची सोंड जात होती. बैल सध्या बाजूला ठेवलाय, त्याला शेवट मिळालेला नाही. उंदराला मिळाला. आखणी करणारा येतो, गणपतींना डोळे येतात, आणि मांजर बघून सातही जण ओरडतात, "वाघ!"

डमी प्रकाशकाकडे गेलीय. रंगीत छपाई महाग, मराठीत अशा पुस्तकांना गिऱ्हाईक कमी, उत्तर यायचंय. तोवर ताई मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनांची चाकं काढताहेत. बैलाला काम मिळतंय का, ते बघायला.