सरकारी ड्रोनच्या पोटात काय आहे?

नमस्कार श्रोतेहो!

कृष्णेला पाणी चढलं की सगळ्या सांगलीचे डोळे आयर्विन पुलाकडे लागतात. हल्ली तिथं डोक्यावर ड्रोनची घरघरही ऐकू येते. पुराची पाहणी म्हणा, गावठाणाची मोजणी म्हणा, मिरवणुकीचा बंदोबस्त म्हणा, सरकारी कामात ड्रोन चांगलाच रुळलाय. पण तो कुठल्या बनावटीचा आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. अमेरिकेच्या लष्करानं चिनी डीजेआय कंपनीचे ड्रोन २०१७ मध्येच वापरातून काढले. आपल्या सरकारनं ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनापुरती सूट ठेवली. सुटे भाग मात्र आणता येतात, आणि खरी गोम इथंच आहे. सांगाडा इथं जोडला, वर तिरंगी स्टिकर लावला, तरी उड्डाण सांभाळणारं सर्किट बाहेरचं असू शकतं.

ड्रोन उतरल्यावर चालकाच्या हातात बघा. रिमोटला अडकवलेल्या मोबाईलवर ॲप चालू असतं. ड्रोन कुठून उडाला, किती उंच गेला, कुठं घिरट्या घातल्या, सगळं अक्षांश-रेखांशासह त्यात टिपलेलं असतं. ते ॲप नेटला जोडलेलं असेल, तर ही नोंद कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाते?

'आमच्या गावठाणात कुणाला रस?' असं कुणी म्हणेल. एका घरात नसेलही. पण शेजारच्या साताऱ्यात कोयना धरण आहे, इथं मिरज जंक्शन आहे, वीज उपकेंद्रं आहेत.

तासगावच्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यावर मात्र ड्रोनच्या बनावटीच्या चौकशीचं बंधन लादू नये. त्याच्या मागं आधीच कमी कटकटी आहेत का? हा प्रश्न सरकारी कामापुरता आहे. आणि पुरात माणसं छपरावर अडकली असतील, तर हाताशी असेल तो ड्रोन उडवावा. अमेरिकेतल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्यानं २०२० मध्ये आपले ड्रोन जमिनीवर बसवले, तेव्हाही वणवे आणि बचावकार्याला मोकळीक ठेवलीच होती.

एरवी निविदेत दोन रकाने वाढवा: सर्किट कुणी बनवलं आणि नोंदी कुठं साठतात. उत्तर लेखी घ्या. 'इंडियनच आहे, साहेब' एवढ्यावर बिल काढू नका.

नमस्कार.