दहा माणसं आणायची कुठून?

(पणजी. चर्चसमोरची बाग. कॅमेरा झाडांवरून खाली.)

गोव्यात धर्म बदलण्याची गोष्ट सांगायची तर सरळ आजच्या माणसांपासून सुरू करताच येत नाही, मागे जावंच लागतं, म्हणून आधी ही बाग. पणजीत चर्चसमोर आपण सगळेच इथं कधी ना कधी बसलोय, पार्किंग मिळेपर्यंत का होईना. या बागेला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे. पोर्तुगीज डॉक्टर, 1534 साली गोव्यात आला, इथल्या औषधी झाडपाल्यावर पुस्तक लिहिलं आणि ते 1563 मध्ये इथंच गोव्यात छापलं. हा माणूस ज्यू घराण्यातला. पोर्तुगालच्या राजानं 1497 मध्ये तिथल्या ज्यूंना जबरदस्तीनं ख्रिश्चन केलं, त्यांना म्हणायचे नव-ख्रिश्चन, आणि मग पुढची कितीतरी वर्षं संशय हाच की हे लोक घरात गुपचूप ज्यूंचा शनिवार पाळतात. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मकोर्ट, आलं. आपल्याला शाळेत कळतं ते देवळं पाडली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला नेला वगैरे, पण या कोर्टाचा सुरुवातीचा रोख या नव-ख्रिश्चनांवरही होता हे फारसं कुणी सांगत नाही. गार्सिया 1568 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्यात जाळलं. आणि 1580 मध्ये गार्सियाची हाडं उकरून काढून ती जाळली. मेलेल्या माणसावर खटला!

तर अशा ठिकाणी, जिथं ज्यू असणं हा गुन्हा होता, तिथं आज कुणी स्वतःहून म्हणतंय की मला ज्यू व्हायचंय. आम्ही अशी माणसं शोधत होतो. फार नाहीत हे आधीच सांगतो. कुणाचंही नाव आम्ही घेणार नाही, आणि त्याला कारण फक्त प्रायव्हसी नाही. तालमुद या ज्यूंच्या धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट नियम आहे की जो ज्यू झालाय त्याला त्याच्या आधीच्या आयुष्यावरून टोकायचं नाही, तू कोण होतास हे तोंडावर काढायचं नाही. आम्ही तर अख्खा व्हिडिओच त्यावर करतोय, त्यामुळे निदान नाव तरी नको.

(हरमल. सीझनची संध्याकाळ, हिब्रू पाट्या.)

पहिली मुलगी मांद्र्याची. वडील भजनी, पखवाज वाजवतात, घरी दीड दिवसाचा गणपती. ती हरमलला एका होमस्टेच्या रिसेप्शनवर होती. आर्मी संपवून आलेली इस्रायली पोरं वर्षानुवर्षं इथं येतात, त्यांच्याकडून ती ऐकून ऐकून हिब्रू शिकली. आधी शिव्या शिकली, हे तिचंच सांगणं. मग कुणाबरोबर प्रेमात पडली का? नाही हो. हा प्रश्न तिला एवढ्या लोकांनी विचारलाय की आता ती चिडत पण नाही. तिला भुरळ पडली ती शनिवारची. सीझनमध्ये तिला सुट्टी अशी नव्हतीच, आणि इथं एक धर्म असा की जो सांगतो आठवड्यातून एक दिवस काम करायचंच नाही, देवाची ऑर्डर आहे. तिला वाटलं वा! मग वाचायला लागली तर कळलं की त्या सुट्टीत काय करायचं नाही याचे 39 प्रकार आहेत, विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारण्यापर्यंत गोष्ट जाते. हसते आणि म्हणते, सुट्टी म्हणून गेले आणि तिथं हे निघालं.

पण सुटली नाही त्यातून. आणि इथं एक गंमत आहे जी आम्हालाही माहीत नव्हती. जो अजून ज्यू झालेला नाही त्यानं शब्बाथ, म्हणजे हा शनिवार, पूर्ण पाळायचा नाही, तो ज्यूंना दिलेला आहे. म्हणून शिकत असताना एखादी गोष्ट मुद्दाम मोडायची. ती दर शनिवारी दुपारी ओसरीवरचा दिवा एकदा लावायची आणि बंद करायची. आई विचारायची, भर उन्हात दिवा कशाला गो? एवढंच काम. बाकी दिवसभर मोबाईल कपाटात.

जेवणाचं मात्र रामायण झालं. म्हापशाच्या मासळी बाजारात आईबरोबर गेली की भांडण ठरलेलं. नियम सोपा, माशाला पर आणि सोलता येणारे खवले हवेत. म्हणजे बांगडा चालतो, तारली चालतात, तांबोशी चालते. सुंगटं नाहीत, कुर्ल्या नाहीत, तिसऱ्या, शिणाण्या, माणकी, मोरी काही नाही. आई म्हणाली मग गोव्यात राहिलंय काय खायला! चिकनही नाही कारण ते नियमाप्रमाणे कापलेलं हवं, ते इथं मिळणार कुठं. दूध आणि मांस एकत्र नाही हा दुसरा नियम, पण तो आपल्याकडे कमी जाचतो कारण आपल्या रश्शात नारळ असतो आणि नारळाचं दूध हे दूध धरत नाहीत. कोकणातले बेने इस्रायली लोक याच्यावरच तर पिढ्यानपिढ्या चालले.

थांबा, बेने इस्रायलबद्दल जरा बोलायलाच हवं, कारण गोव्यात ज्यू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ड्रेडलॉक्सवाला बुलेटवर बसलेला टुरिस्ट येतो. अरे, रायगडात मराठी बोलणारे ज्यू कितीतरी शतकं आहेत! नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचलेले तिथंच राहिले अशी त्यांची कथा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. आडनावं दिवेकर, नांदगावकर. अलिबागला आजही इस्रायल आळी आहे. वल्हांडणाला, म्हणजे पासओव्हरच्या सणाला, वाचायची पोथी, हगादा, 1874 मध्ये पुण्यात मराठीत छापली गेली. आणि मलिदा, म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं. वाईन मिळायची नाही म्हणून काळे मनुके भिजवून त्याचं सरबत. आमच्या मांद्र्याच्या मुलीला हे सगळं कळलं तेव्हा तिचा अर्धा ताण गेला, कारण तोपर्यंत तिला वाटायचं ज्यू व्हायचं म्हणजे इस्रायली व्हायचं. अलिबागच्या एका आजींनी तिला सरळ सांगितलं, तू आमच्यापेक्षा जास्त पाळतेस बाई, दमशील. आणि याच बेने इस्रायलींना इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तुम्ही खरे ज्यू का म्हणून विचारलं होतं, लग्नं अडली होती, लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारनं जाहीर केलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. जन्मानं असलेल्यांची ही कथा, मग बाहेरून येणाऱ्याचं काय घेऊन बसलात.

(काळी स्क्रीन. दार वाजवल्याचा आवाज.)

बाहेरून येणाऱ्याला आधी परत पाठवतात. प्रथा अशी की तीनदा नाही म्हणायचं. मिशनरी, प्रचार हा प्रकारच नाही, उलट रब्बी म्हणणार, बाबा तू आहेस तसा चांगला आहेस, नोहाचे सात नियम पाळ, खून नको, चोरी नको, मूर्तिपूजा नको इत्यादी, पुरे. ज्यूंना मात्र 613 आज्ञा, तुला कशाला ती कटकट. तालमुदमध्ये तर प्रश्नच दिलाय, तुला दिसत नाही का या काळात इस्रायलचे लोक कसे छळले जातायत, मग तुला यात का यायचंय? उमेदवार म्हणाला मला माहीत आहे आणि माझी तेवढी लायकी नाही, तर त्याला लगेच घ्यायचं. मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर 2008 मध्ये झालेला हल्ला, आणि आता 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतरचं जग बघता हा प्रश्न जुना राहिलेला नाही. मांद्र्याच्या मुलीच्या ईमेल्सना कितीतरी दिवस उत्तरच आलं नाही. तिला वाटलं स्पॅममध्ये गेले असतील. नंतर कळलं की उत्तर न देणं हेच उत्तर होतं.

नातेवाइकांचा प्रश्न वेगळा. काय गो, इस्रायलचा व्हिसा हवाय काय? आता हा प्रश्न अगदीच मूर्खपणाचा नाही. इस्रायलचा 1950 चा परतीचा कायदा आहे, 1970 च्या दुरुस्तीत धर्मांतर करून ज्यू झालेलाही त्यात बसतो. पण कुठल्या रब्बींनी केलं, कुठल्या समाजात केलं, हे सगळं तपासतात. शिवाय ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म असे पंथ, एकाचं दुसऱ्याला चालेलच असं नाही. मिझोराम-मणिपूरच्या बने मेनाशे लोकांना 2005 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी हरवलेल्या ज्यू टोळीचे वंशज म्हणून मान्य केलं, तरीसुद्धा विधिवत धर्मांतर करावंच लागलं. ती मात्र कुठे गेली नाही. आता मुंबईत असते, सिनेगॉगपासून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापासून, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, कारण शनिवारी गाडी नाही.

तिचं बेत दीन, म्हणजे तीन जणांचं धर्मपीठ, ते भारताबाहेर झालं. प्रश्न विचारले, काही अवघड, काही अगदी साधे, शुक्रवारी दिवे कधी लावतेस वगैरे. मग मिकवे, म्हणजे विधीचं स्नान. ही बुडी म्हणजे सगळ्यात शेवटची पायरी. पाणी नैसर्गिक हवं, आणि शास्त्राप्रमाणे समुद्र चालतो, अगदी चालतो! जन्मभर समुद्राच्या काठावर राहिलेली पोर, आणि बुडी मारली ती टाइल्स लावलेल्या टाकीत, गरम पाण्यात. अंगावर काहीच नको. नेलपॉलिश काढलं, चमकी काढली आणि नाकाच्या भोकात काही अडकलं नाही ना हे तिथल्या बाईंनी वाकून बघितलं, केस विंचरून एक एक गुंता सोडवला. बेत दीनचे रब्बी दाराबाहेर, फक्त आवाज ऐकत. पहिली बुडी बाद झाली कारण केसांची एक बट वर तरंगत राहिली. परत. मग आशीर्वाद म्हणायचा होता तर थंडी नसूनही दात वाजायला लागले आणि पाठ केलेलं हिब्रू पार विसरली, बाईंनी एक एक शब्द सांगितला. बाहेर आली तेव्हा तिचं नाव नवीन आणि बापाच्या नावाच्या जागी अब्राहाम. सगळ्या नवीन ज्यूंचा बाप कागदावर अब्राहामच असतो.

खरा बाप काय म्हणाला? बरेच दिवस काहीच नाही. आजी मात्र म्हणाली, बाटलीस म्हण की. त्या शब्दांवर घरात दिवाळी फराळापर्यंत कुणी नीट बोललं नाही. मग एका ऑक्टोबरमध्ये वडील मुंबईला गेले, सुक्कोत, ज्यूंचा मांडवांचा सण, चालू होता. सिनेगॉगच्या आवारात मांडव, वर नारळाची चुडतं, आणि त्याला टांगलेली फळं. वडील खाली उभे राहून वर बघत म्हणाले, अगो, ही तर माटोळी! गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण सुपारीची शिपटां, तोरंजन, चिबूड, कांगलां अशी रानातली फळं बांधतो ती माटोळी. त्यांनी मग तिथल्या लोकांना गाठी नीट बांधल्या नाहीत म्हणून दोन-तीन परत बांधून दिल्या. सणाच्या मधल्या दिवशी, म्हणून चाललं.

चवथीला ती आरतीला उभी राहत नाही. स्वयंपाकघरात बसते. हे सोपं झालेलं नाही, आणि आम्ही ते सोपं करून दाखवणार नाही.

(बार्देश. मोटरसायकलवरून शॉट.)

एक मुलगा बार्देशातला, ख्रिश्चन घरातला, त्यानं डीएनए टेस्ट केली आणि आडनावावरून ठरवलं की आपण मूळचे ज्यू. त्याच्यावर जास्त वेळ घालवत नाही. गोव्यात पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याची किंवा गॉडफादरची मिळालेली आहेत, आडनावावरून काही सिद्ध होत नाही.

(फोंडा. पुस्तकांची खोली, पंखा.)

फोंड्याचे सर जास्त अवघड केस. रिटायर्ड हेडमास्तर, मराठी शाळेत इतिहास शिकवला, गार्सियावर वाचता वाचता इथं पोचले. त्यांच्याकडे तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, आहे, त्यावरची भाष्यं आहेत, मायमोनिडीज या जुन्या ज्यू धर्मपंडिताचं एक पत्र त्यांना तोंडपाठ आहे. ओबाद्या नावाचा एकजण ज्यू झाला होता, त्यानं विचारलं, प्रार्थनेत आमच्या पूर्वजांचा देव असं मी म्हणू का, माझे पूर्वज तर वेगळे. मायमोनिडीजनं लिहिलं, म्हण, सगळं म्हण, काही बदलू नकोस. हे सांगताना सरांचा आवाज वर्गात शिकवत असल्यासारखा होतो आणि मध्येच चष्मा पुसायला लागतात.

पण सरांचं अडलंय. एक तर सुंता, या वयात. ॲनेस्थेशिया देऊन करतात, त्याची त्यांना भीती नाही म्हणतात. दुसरं म्हणजे काकू. नवरा-बायकोतला एकच ज्यू होणार असेल तर ऑर्थोडॉक्स रब्बी सहसा घेतच नाहीत. आणि काकूंचं म्हणणं साफ आहे. तुम्ही काय व्हायचं ते व्हा, पण चवथीला पूजेला बसायला माणूस मला घरात हवा.

आणि तिसरं, जे आम्हाला सगळ्यात मोठं वाटलं. या धर्मात एकट्यानं फार काही होत नाही. विश्वास आहे, पाठांतर आहे, ठीक, पण सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ ज्यू हवेत, ऑर्थोडॉक्समध्ये दहा पुरुष. याला मिन्यान म्हणतात. ते नसेल तर तोरा जाहीर वाचता येत नाही, कादिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. गोव्यात जुनं सिनेगॉग एकही नाही. हणजुण्याच्या बाजूला खाबाद हाऊस आहे, खाबाद या ज्यू पंथाचं केंद्र, टुरिस्टांसाठी, सीझनला शुक्रवारी तिथं बसायला जागा नसते. पण ते लोक कुणाला ज्यू करायला बसलेले नाहीत, सरांना जेवायला मात्र प्रेमानं वाढतात. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की शॅक मोडतात, इस्रायली हिमाचलला जातात, किनारा मोकळा. दहा माणसं आणायची कुठून? सर म्हणतात मुंबईला शिफ्ट होऊ, काकू म्हणतात भाडं कोण भरणार. पेन्शनीत दक्षिण मुंबईत चालत जायच्या अंतरावर घर, हिशेब करून बघा.

सध्या सर शुक्रवारी काकूंच्या शेजारीच बसून जेवतात, काजूची फेणी घेतात कारण द्राक्षाची नाही म्हणून वाईन नियमाप्रमाणे बनवलेलीच हवी या अटीत ती येत नाही असा त्यांचा युक्तिवाद, आणि शनिवारी ठरवून एक ओळ लिहितात, शब्बाथ मोडायला. रब्बींना पाठवलेल्या शेवटच्या पत्राचं उत्तर आलंय. ऑक्टोबरमध्ये परत लिहा, असं.