सायकलला मोटर किट बसवताय? आधी ॲक्सल बघा!

नमस्कार मंडळी! "दादा, साध्या सायकलला इलेक्ट्रिक किट बसवायचा व्हिडिओ कधी?" टायरच्या व्हिडिओखाली हा प्रश्न, चेनच्या व्हिडिओखाली हाच प्रश्न. पेट्रोल शंभरीच्या पलीकडे आहे, त्यामुळे विचारणारच तुम्ही. तर आज तेच करू. पण आधीच सांगतो, पार्ट कुठला कुठे लागतो हे मी भराभर उरकणार आहे. मला बोलायचंय ते चाकाच्या मधोमध असलेल्या त्या बोटभर जाडीच्या दांड्याबद्दल, ॲक्सलबद्दल. किट विकणारे त्यावर बोलत नाहीत, आणि माणूस पडतो तो तिथेच.

पार्ट बघा पटापट. हब मोटर म्हणजे मधोमध मोटर असलेलं चाक, मोटरला करंट देणारा कंट्रोलर, बॅटरी, चार्जर, मुठीवरचा थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर, पेडल फिरतंय हे ओळखणारा सेन्सर, आणि दाबले की मोटरचा करंट तोडणारे ब्रेक लिव्हर. जुनं चाक काढा, टायर-ट्यूब मोटरच्या चाकावर चढवा, चाक बसवा, रंगाला रंग जुळवून वायरी जोडा. मागवताना रिमचा साइझ बरोबर सांगा. आपल्या काळ्या सायकलीचं चाक २८ इंची, एमटीबीचं २६, २७.५ नाहीतर २९. काळ्या सायकलीला रॉड ब्रेक असतात, तिथे किटमधले लिव्हर बसत नाहीत. मग ब्रेकच्या दांडीला वेगळा स्विच लावून घ्या. "नाही लावला तर चालेल का?" नाही चालणार. ब्रेक दाबलाय आणि मोटर पुढे ओढतेय, हे पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर करून बघायची गोष्ट नाही. त्या रिमवर ओल्यात ब्रेक तसाही उशिरा धरतो.

आता वॉट. "१००० वॉट बसवू का?" नका बसवू. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमात सूट आहे ती मोटरची अर्ध्या तासाची पॉवर ०.२५ किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर. त्याच्या बाहेर गेलात की ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. नोंदणी, लायसन्स, विमा, सगळं आलं. आणि सायकलची फ्रेम, ब्रेक, चाक धरणारा चिमटा यातलं काहीच त्या वेगासाठी बनवलेलं नसतं. २५० वॉटची गिअरवाली हब मोटर आणि सोबत तुमचे पाय, एवढ्यावर रोजचं काम आरामात होतं.

आता मुद्द्याचं.

साध्या सायकलीत ॲक्सल करतो काय? वजन उचलतो, बस. चाक छर्ऱ्यांवर गरागरा फिरतं आणि ॲक्सल गुमान बसून असतो. त्याला कुणी पिळत नाही. म्हणून चिमट्याची खाच साधी असते, नट पान्याने आवळला की झालं.

हब मोटरमध्ये गोष्टच उलटी. मोटरचं आतलं तांब्याचं गुंडाळं त्या ॲक्सलवरच घट्ट बसवलेलं असतं. मोटर चाकाला पुढे ढकलते, म्हणजे तेवढ्याच जोराने ॲक्सलला मागे पिळते. त्याला धरून ठेवतंय कोण? चिमट्याची ती खाच. एरवी गोल असलेला ॲक्सल टोकाला दोन बाजूंनी चपटा केलेला असतो, १० मिलीमीटर रुंद. त्या दोन चपट्या बाजू खाचेच्या कडांना टेकतात, तेवढाच आधार.

आता आकडा बघा. अशी मोटर चढावर साधारण ४० न्यूटन-मीटर पीळ देते. हा पीळ १० मिलीमीटरच्या अंतरावर झेलायचा म्हटलं तर जोर येतो ४००० न्यूटन, म्हणजे जवळपास ४०० किलो. तोही कुठे? पत्र्याएवढ्या पातळ खाचेच्या दोन कोपऱ्यांवर. आणि प्रत्येक वेळी थ्रॉटल दिला की पुन्हा. सैल पान्याने नट फिरवला की नटाचे कोपरे जसे गोल होतात, तसे इथे खाचेचे होतात. आधी केसाएवढं हललं, मग अर्धा मिलीमीटर, आणि एक दिवस ॲक्सल पूर्ण गरकन फिरतो.

फिरला की काय होतं? मोटरची वायर त्या पोकळ ॲक्सलमधूनच बाहेर येते. तीन जाड वायरी मोटरच्या, पाच बारीक हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरच्या. ॲक्सल फिरला की वायर त्याच्याभोवती गुंडाळली जाते, सोलली जाते, ३६ व्होल्ट ५ व्होल्टच्या लाइनवर जातात आणि सेन्सर, कंट्रोलर दोन्ही जळतात. हे झालं पैशाचं नुकसान. पुढच्या चाकात मोटर असेल तर फिरणारा ॲक्सल खाच फाकवून चाकच चिमट्यातून बाहेर काढतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत नोकरी. त्यांनी एका दुकानातून पुढच्या चाकाला किट बसवून घेतलं. पंचगंगा पुलाकडून सुटले, चढाला थ्रॉटल दिला आणि चाक चिमट्यातून निसटलं. खांदा निखळला. मागून ट्रक नव्हता म्हणून आज ते बोलायला आहेत. ती सायकल मी नंतर बघितली. खाच ग्राइंडरने मोठी केलेली, ॲक्सल आत खुळखुळत होता, आणि टॉर्क आर्म? नव्हताच. मला राग येतो तो याचा. एका लोखंडी पट्टीचा प्रश्न होता.

तर टॉर्क आर्म म्हणजे हीच पट्टी, ही बघा माझ्या हातात. ५-६ मिलीमीटर जाड स्टील. एका टोकाला १० मिलीमीटरची खाच, ॲक्सलच्या चपट्या बाजूंवर गच्च बसणारी. दुसरं टोक चिमट्याच्या पायाला जुबली क्लिपने, म्हणजे स्क्रूने आवळायच्या गोल पट्टीने बांधायचं. काम एवढंच की पीळ १० मिलीमीटरवर न झेलता १० सेंटीमीटरवर झेलायचा. अंतर दहापट, जोर दहावा हिस्सा. ४०० किलोचे ४० किलो झाले. ४० किलो चिमट्याचा पाय आणि क्लिप निवांत झेलतात.

"दादा, किटमध्ये वायसर येतो ना दात असलेला, तो पुरत नाही का?" तो लावाच, दात खाचेत बसवूनच लावा. पण तो पातळ असतो. स्टीलच्या जाड फ्रेममध्ये मागच्या चाकाला तो आणि घट्ट नट यावर कमी ताकदीची मोटर चालते. पुढच्या चाकाला मी त्याच्या भरवशावर सायकल कुणाच्या हातात देणार नाही.

आणि सस्पेन्शनचा ॲल्युमिनियमचा चिमटा असेल, तर पुढे मोटर बसवूच नका. टॉर्क आर्म लावूनही नका. स्टील आधी वाकतं, फाकतं, म्हणजे निदान दिसतं. ओतीव ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम तडकतं, आणि तडकताना सांगत नाही. "माझी गिअरची सायकल आहे, पुढे सस्पेन्शन आहे" असं लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं उत्तर एकच: मोटर मागे.

एका ताईंनी लिहिलंय, "आम्ही तर कधीपासून चालवतोय, टॉर्क आर्म नाही, काही झालं नाही." ताई, चांगलंच आहे, काही होऊही नये. पण आज एक करा. ॲक्सलच्या टोकावर, नटावर आणि चिमट्यावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. आठवड्याने बघा. रेघ तुटून सरकलेली दिसली तर ॲक्सल नाहीतर नट हललाय, आणि सायकल त्याच दिवशी थांबवा. ही रेघ टॉर्क आर्म असणाऱ्यांनीही ओढायची आहे.

आता बसवताना. पुढच्या चिमट्याची खाच ८-९ मिलीमीटरची, ॲक्सल १० चा. म्हणजे खाच वाढवावी लागणारच. कानसने वाढवा. ग्राइंडर नको, नको, नको! ग्राइंडर एका झटक्यात दोन मिलीमीटर खातो आणि ते परत येत नाहीत. दोन्ही बाजूंनी सारखं, थोडं घासायचं, ॲक्सल लावून बघायचं, परत घासायचं. ॲक्सल हाताने दाबून आत गेला पाहिजे, पडत आत गेला तर बिघडलं. काही चिमट्यांना खाचेभोवती वर आलेली कड असते. वायसर त्या कडेवर टेकला तर नट आवळताना चिमट्याचं टोक वाकतं. तिथे कडेच्या आत बसणारा छोटा वायसर आधी घाला.

टॉर्क आर्म आवळायचीही पद्धत आहे. चेनच्या बाजूने बघितलं तर चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, ॲक्सल उलटा फिरू बघतो. आर्मला ॲक्सलच्या विरुद्ध, म्हणजे चाकाच्याच दिशेने हाताने दाबून सगळी ढील काढायची आणि मग क्लिप आवळायची. ढील ठेवून आवळलीत तर ॲक्सल आधी तेवढा फिरून घेणार, रोज ठक-ठक करणार आणि खाच खाणार. वायर बाहेर येते ते तोंड खाली ठेवा आणि वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळेल, मोटरमध्ये उतरणार नाही. आपल्याकडचा जुलै माहितीये ना.

टॉर्क आर्म मिळत नाही अशी तक्रार नको. कोल्हापूरकरांनी उद्यमनगरात जावं, कुठल्याही लेझर कटिंगवाल्याला एमएस म्हणजे साध्या स्टीलच्या प्लेटवर काढून द्यावं, तो कापून देतो. इचलकरंजी, सांगली, पुण्यात भोसरी, नाशकात अंबड, सगळीकडे हे काम होतं. फक्त खाच १० चीच सांगा. "थोडी मोकळी ठेवतो, बसायला सोपी" असं तो म्हणेल. ऐकू नका. कॅलिपर घेऊन जा, तिथेच मोजा.

बॅटरीचं दोन वाक्यांत. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. पेडल मारत चालवलं तर किलोमीटरला १०-१२ वॉट-अवर धरा, म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. पन्हाळ्याचा घाट चढणार असाल तर हा हिशेब विसरा, चढाला दुपटीहून जास्त जाते. लिथियमचं ३६ व्होल्टचं पॅक पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवतं, चार्जरही ४२ चाच हवा. घरातला दुसरा कुठला चार्जर पिन बसते म्हणून लावू नका. जिन्याखाली, दाराच्या वाटेत चार्जिंगला ठेवू नका.

पुढच्या व्हिडिओत वायरिंग घेतो. कॉटर पिनच्या क्रँकवर, म्हणजे जुन्या सायकलीतल्या पेडलच्या दांडीवर, पेडल सेन्सरची चकती कशी बसवायची, हेही बरेच जण विचारताहेत. दोन तुकड्यांत येणारी चकती मिळते, ती लावून दाखवतो. तोवर ज्यांनी किट बसवलंय त्यांनी १८ किंवा १९ नंबरचा, जो तुमच्या नटाला लागेल तो पाना घ्या, दोन्ही नट तपासा आणि चिमट्याच्या खाचेचा जवळून काढलेला फोटो पाठवा. एकेक बघून मी उत्तर देतो.