डोळा तुझा, जबाबदारीही तुझी

(पुण्यात चर्चच्या तरुण संघापुढे केलेलं बोलणं, लिहून काढताना थोडं नीट केलंय.)

वासना हा विषय चर्चमध्ये निघाला की गाडी लगेच मुलींच्या कपड्यांवर जाते. ओढणी कुठंय, जीन्स किती टाइट, एवढ्या रात्री एफसी रोडला काय काम. मला याचा खरंच राग येतो, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात प्रभू येशू यावर बोलतो तेव्हा बाईला एका शब्दाने काही सुनावत नाही. सगळं बोलणं बघणाऱ्याशी. तुझा उजवा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो उपटून टाक, म्हणतो. डोळा तुझा.

आता सुंदर मुलगी दिसली, लक्ष गेलं, हे पाप का? नाही, सौंदर्य देवानेच दिलंय. पण नंतर जे बघत राहणं असतं, मनात तिला आपल्या सोयीने वापरत राहणं, त्यात ती माणूस म्हणून उरतच नाही, आणि प्रभू बोलतो ते त्याबद्दल.

दावीद राजाचं बघा, बायबलमध्ये 2 शमुवेल 11. संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याला अंघोळ करणारी बाई दिसली. लोक आजही विचारतात, ती उघड्यावर का अंघोळ करत होती? अरे, ती कुठे होती ते शास्त्रात लिहिलेलंच नाही, गच्चीवर तर दावीद होता! तो चौकशी करतो आणि त्याला सरळ उत्तर मिळतं, की ही बथशेबा, एलीयामाची मुलगी, हित्ती उरीयाची बायको. नाव कळलं, बाप कळला, नवरा कळला, आणि तो नवरा दावीदासाठीच लढाईवर गेलेला. एवढं सगळं ऐकूनही तो माणसं पाठवून तिला आणतो. तिची मर्जी कोणी विचारली का, याबद्दल तिथं एक अक्षर नाही. पुढे उरीयाला मरायला पाठवलं तेही तिथूनच आलं. आणि नाथान संदेष्टा येतो तेव्हा गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिसकावली अशी गोष्ट सांगतो आणि दावीदालाच म्हणतो, तो माणूस तूच. बथशेबेला तो काहीच बोलत नाही.

मुलांनो, ग्रुपवर कुणाच्या तरी बहिणीच्या फोटोचा स्क्रीनशॉट येतो, झूम करून कॉमेंट पडतात, आणि तिचं नाव, तिचं घर सगळं माहीत असतं तुम्हाला, दावीदाला माहीत होतं तसंच. पॉर्नमध्ये नाव माहीत नसतं एवढंच, पण ती कोणाची तरी मुलगी असते, आणि ती तिथं स्वतःच्या मर्जीने आहे का हे बघणाऱ्याला कळायला काही मार्गच नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही आपण करतो. लूक 7 मध्ये शिमोन परुशी, एकदम सोवळा माणूस, येशूचे पाय धुणाऱ्या बाईकडे बघून मनात म्हणतो, ही कसली बाई आहे ते याला कळायला हवं होतं. येशू त्याला विचारतो, ही बाई तुला दिसते का? शिमोनाला तिचं पापच दिसत होतं. म्हणजे वासनेने बघा नाहीतर तुच्छतेने बघा, माणूस दोन्हीकडे हरवतो.

आपल्या जवळचंच उदाहरण केडगावचं, पुणे-दौंड लाइनवर, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा बायका आणल्या. उपाशी, एकट्या पोरींना पळवणारे लोक तेव्हाही टपलेलेच होते. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकलं त्यांच्यासाठी मुक्तीत कृपासदन काढलं, पण मला सगळ्यात भावतं ते तिथलं छापखान्याचं काम. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं आणि त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनी केली. नुसती दया करून त्या थांबल्या नाहीत, या बायका अक्षरं जुळवू शकतात, मशीन चालवू शकतात, हे त्यांना दिसलं.

शेवटचं, लग्न झालं की हा प्रश्न सुटतो असं वडीलधारे सांगतात, ते खोटं आहे. बायकोकडेही वस्तू म्हणून बघता येतं आणि बघितलं जातं. पौल 1 करिंथ 7 मध्ये लिहितो की पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार आहे, त्या काळात हे केवढं धाडसाचं! आपण मात्र अर्धंच वचन वाचून बायकांना गप्प करतो. म्हणून पुढच्या बैठकीत लग्न झालेल्यांना बसवू, आणि त्यात आधी बायका बोलतील, नवऱ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही.