जीन तोच, पण दोनशे वर्षांत त्याने काय काय केलं!

नमस्कार मंडळी! "आमच्या घरात सगळ्यांनाच कोलेस्टेरॉल आहे हो, रक्तातच आहे, काय करणार" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मला आज त्या "काय करणार" बद्दलच बोलायचंय.

लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात, ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे आपण ज्याला बॅड कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ओढून घेतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांना याच कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. काही घराण्यांत या रिसेप्टरचाच जीन बिघडलेला असतो, आईकडून किंवा वडिलांकडून एकाकडून आला तरी पुरतो, आणि मग एलडीएल जन्मापासूनच वाढलेलं. याला एफएच (फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल) म्हणतात, साधारण २५० माणसांत एकाला असतं, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही.

आता खरी गंमत ऐका. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशाच एका घराण्याची वंशावळ दोनशे वर्षं मागे नेली आणि कोण किती जगलं ते बघितलं. १९ व्या शतकात हा जीन असलेली माणसं इतरांपेक्षा लवकर जात नव्हती! १९१५ नंतर मृत्यू वाढायला लागले, १९३५ ते १९६४ मध्ये सगळ्यात जास्त, आणि नंतर परत कमी झाले. बरं, एकाच घराण्याच्या दोन शाखांमध्येही फरक होता. जीन तोच, बदललं ते आजूबाजूचं जगणं.

पण म्हणून एफएच नुसत्या डाएटने आटोक्यात येतं असं प्लीज समजू नका, तिथे बहुतेकांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, लागतंच. आणि ज्यांना एफएच नाही (म्हणजे आपल्यातले बहुतेक जण) त्यांच्यात छोटा छोटा परिणाम करणारे बरेच जीन आणि खाणं, वजन, व्यायाम असं सगळं मिळून आकडा ठरतो, त्यात ट्रायग्लिसराईड (रक्तातली आणखी एक चरबी) तर साखर आणि दारूने पटकन चढतं.

तर तुमचं एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा घरात कुणा पुरुषाला ५५ च्या आत, बाईला ६० च्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना एफएचबद्दल स्पष्ट विचारा, थायरॉईडही तपासून घ्या कारण त्यानेही एलडीएल वाढतं. आणि एफएच निघालं तर भावंडांची आणि मुलांची लिपिड प्रोफाईल (कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी) कराच, प्रत्येक मुलाला ते असण्याची शक्यता ५० टक्के असते आणि मूल बारीक असलं तरी ती कमी होत नाही.